बोफायटरमधली अंगारकी

नवऱ्याने जन्मात कधी उपास केला नव्हता. सासूबाई अंगारकी करायच्या, तेव्हा हा त्यांच्यासमोर बसून ऑम्लेट हाणायचा. पण गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता, आणि त्याच आठवड्यात मंगळवारी नेमकी अंगारकी आली. साहेब सकाळी सकाळी आंघोळ करून किचनमध्ये उभे. म्हणाला, "आज चंद्रोदयापर्यंत काही खाणार नाही."

"डायबेटिस आहे तुला. चक्कर येऊन पड, असं गणपतीने सांगितलंय का?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"वा रे वा! गाठ माझी, रिपोर्ट माझा, आणि मीच मध्ये बोलायचं नाही?"

कडाक्याचं भांडण झालं. उपासबिपास सगळं थोतांड आहे, असंही मी म्हणून टाकलं. शेवटी तह ठरला: गोळी घ्यायची नाही आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी खायची. ती गोळी साखर झपकन खाली आणते, उपाशीपोटी घेऊच नका, असं आमच्या डॉक्टरणीने त्याला दोनदा बजावलं होतं. मी डबा भरला, त्याने तोंड वाकडं करून उचलला आणि गेला.

मंगळवार हा त्याचा विमानांचा दिवस. रिटायर झाल्यापासून इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या घरात त्याचा जीव रमेना, म्हणून एका छोट्या म्युझियममध्ये तो फुकट काम करायला लागला. सगळी म्हातारी मंडळी, कोणी गुडघे बदललेला, कोणी कानाला मशीन लावलेला, आणि मधोमध त्यांचं लाडकं बोफायटर. युद्धाच्या काळात हे विमान रात्री शत्रूची विमानं हुडकायला निघायचं. पुढे पायलट, त्याला काळोखात काही दिसायचं नाही. मागे दुसरा माणूस रडारच्या छोट्या पडद्यावर डोळे लावून बसायचा आणि सांगायचा, डावीकडे घे, थोडा वर, आता सरळ. पायलटने निमूट ऐकायचं. हे नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचा. आणि गाडीत मी "डावीकडे घे" म्हटलं, की हमखास उजवीकडे वळायचा!

अकराच्या सुमारास मी दूध काढायला फ्रिज उघडला, तर ब्रेडच्या मागे खिचडीचा डबा. जाता जाता गुपचूप परत ठेवून गेला होता. अस्सा राग आला! मग सहज गोळ्यांची डबी बघितली. तिच्यात वारांप्रमाणे कप्पे आहेत. मंगळवारचा कप्पा रिकामा होता.

मुद्दाम घेतली नसणार. रोजच्या सवयीने, भांडणाच्या तिरीमिरीत तोंडात टाकली असणार. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, तेच. फ्रिजमधला संत्र्याच्या ज्यूसचा खोका घेतला आणि गाडी काढली. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. शिव्या घालत होते, आणि मध्येच "देवा, देवा" पण म्हणत होते, खोटं कशाला बोलू?

म्युझियमचा म्होरक्या दारातच भेटला. धिप्पाड माणूस, पूर्वीचा विमान मेकॅनिक. म्हणाला, "तो बोफायटरमध्ये आहे, मेट. पण आज काहीतरी बिघडलंय. बाहेर ये म्हटलं तर अंगावर ओरडला." माझा नवरा तिथे कधी आवाजही चढवत नाही. मी ओरडले, "त्याची शुगर उतरलीय! ॲम्ब्युलन्स बोलवा!" तो फोनकडे धावला.

विमानाच्या पोटाला एक झडप आहे. शिडीने तिच्यातून वर चढलं, की पायलटच्या पाठीमागे जेमतेम एक माणूस उभा राहू शकतो. बाजूला रंगकाम चालू होतं म्हणून वरच्या काचेवर जाड ताडपत्री टाकलेली. आत मिट्ट काळोख. पायलटच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर टॉर्च पडला होता, त्याचा उजेड त्याच्याच बुटांवर. मी खांद्याला हात लावला तर शर्ट घामाने ओलाचिंब.

"अरे, मी आहे. हे पी."

मी खुर्चीवरून हात पुढे करून स्ट्रॉ ओठांना लावली. त्याने मान झटकली. ज्यूस माझ्या हातावर सांडला.

"उपास," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"खड्ड्यात गेला उपास! पी म्हणते ना!"

दात घट्ट आवळलेले. मी नाक दाबलं, विनवण्या केल्या, मुलीची शपथ घातली. काही नाही. त्याची मान हळूहळू छातीकडे झुकायला लागली. एकदा का शुद्ध हरपली की तोंडात काहीच घालता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते मी, गाठ लागली तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात तो पुटपुटला, "चंद्र उगवला?"

बारा वाजत आले होते, भर दुपार. पण आत काळोख होता, आणि त्याला कळत नव्हतं तो कुठे आहे. मी त्याच्या कानाशी वाकले.

"हो. उगवला."

"दिसतोय?"

"मला इथून दिसतोय. तुला पुढून नाही दिसणार. मी सांगते ना! आता पी."

त्याने तोंड उघडलं.

एक घोट. मग दुसरा. मी मोठ्याने म्हणत राहिले, अजून, अजून थोडं, गिळ, शाब्बास. खोका रिकामा झाला तशी खालून म्होरक्याने जेली बीन्सच्या गोड गोळ्यांची पिशवी वर दिली, त्याही एकेक भरवल्या. ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा त्याची मान सरळ झाली होती आणि तो त्यांना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत होता.

बाहेर त्याला खुर्चीत बसवलं, बोट टोचून साखर मोजली, आणि मग माझा बांध फुटला. सगळ्यांदेखत मी त्याला मराठीत झाड झाड झाडलं. गाढवा, मूर्खा, मला एकटीला टाकून जाणार होतास का? म्हातारी मंडळी खाली बघत चहा ढवळत होती. तो शांत ऐकत होता, मिशीला संत्र्याचा रस तसाच लागलेला.

मी दमले तेव्हा त्याने माझा हात धरला.

"पण चंद्र तू नीट बघितलास ना? नाहीतर गुरुवारी..."

सकाळी ज्या उपासाला मी थोतांड म्हटलं होतं, तो मीच खोटं बोलून सोडवला होता, आणि आता गुरुवारचं नाव निघताच मीच मनात "देवा, देवा" म्हणत होते.

"बघितला रे," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ होता."