शुक्रवारचं उद्घाटन

यंत्राने माणसाच्या हाताला कायमची सुट्टी दिली, तो क्षण मी डोंबिवलीत प्रत्यक्ष पाहिला. शुक्रवार होता, त्यामुळे वीज नव्हती.

आमच्या एमआयडीसीत शुक्रवारी वीज बंद आणि कारखान्यांना सुट्टी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डायरेक्टरांच्या ज्योतिषाला नव्हतं. त्याने शुक्रवारी सकाळी अकराचा मुहूर्त काढला आणि तो बदला म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही.

कारखाना पोलादी तारेचा. पोलादात मळ किती आहे हे पाहायला प्रयोगशाळेत एक मायक्रोस्कोप होता आणि तो चालवायला एक बाई होत्या, कल्याणहून येणाऱ्या. घासून चकचकीत केलेला तुकडा भिंगाखाली ठेवायचा, एका हाताने त्याखालचं छोटं टेबल केसभर सरकवायचं, दुसऱ्याने फोकस जुळवायचा, काळे ठिपके मोजायचे, पुन्हा सरकवायचं. एका तुकड्यावर शंभर जागा. वीस वर्षं त्या हेच करत होत्या. नव्वद सालानंतर गिऱ्हाइकं कॉम्प्युटरचा रिपोर्ट मागू लागली, म्हणून मला घेतलं. मी टेबलाच्या आणि फोकसच्या गुंड्यांना मोटारी जोडल्या, दिवा कमीजास्त करायचं कामही कॉम्प्युटरकडे दिलं, आणि सात-आठ महिने खपून या सगळ्याला हुकूम देणारा एक प्रोग्रॅम लिहिला.

शिकवलं मात्र बाईंनी. टेबल सरकवणारा स्क्रू थोडा ढिला असतो, म्हणून कुठल्याही जागेवर नेहमी डावीकडूनच यायचं, हेही त्यांचंच. मी ते प्रोग्रॅममध्ये जसंच्या तसं घातलं. ते घालत असताना त्यांनी विचारलं, "हे सगळं तो डबा करायला लागला की मी काय करू रे? रिटायर व्हायला चार वर्षं आहेत मला."

"तुम्ही डबा चालवायचा," मी म्हटलं. मॅनेजर तसं म्हणाले होते. कुठे लिहून दिलंय का, हे मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मांडववाल्याचा जनरेटर आणला. तो गणपतीत दिव्यांच्या माळा चालवणारा. मोटारींनी पहिला झटका घेतला की कॉम्प्युटर बंद पडायचा. तीनदा पडला. साडेदहा झाले.

"दोन्ही एकदम चालणार नाहीत, साहेब," मी मॅनेजरना सांगितलं.

"मग मोटारी बंद ठेव. मोटार फिरते ती कोणाला दिसते?"

"टेबल कसं सरकणार?"

मॅनेजरनी बाईंकडे पाहिलं. त्या काठाची साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"बाई, कंपनीच्या इज्जतीचा प्रश्न आहे. तुमचं मी सोमवारी बघतो."

"काय बघता?"

"बघतो म्हटलं ना."

वीज नसली की मोटार सैल पडते आणि गुंडी हाताने फिरते. मायक्रोस्कोपला झेंडूची जाड माळ घातली. बाईंच्या डाव्या हातात ताट, उजवा हात माळेत.

डायरेक्टरांनी नारळ फोडला आणि एक कळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: टेबल सरकत आहे. बाईंनी सरकवलं, अर्थात डावीकडून. फोकस होत आहे. भिंगाखालचं चित्र दाखवणाऱ्या शेजारच्या टीव्हीवरचं धुकं विरलं. प्रकाश वाढत आहे. वाढला. अशा दहा जागा झाल्या. दिवा कॉम्प्युटरने वाढवला आणि ठिपकेही त्यानेच मोजले, तेवढं खरं होतं.

मोटार फिरली की नाही, हे माझ्या प्रोग्रॅमला कळायची सोय नव्हती. हुकूम सोडला म्हणजे काम झालं, असं तो धरून चालायचा. आमच्या मॅनेजमेंटचंही तसंच होतं, फक्त ते मी लिहिलेलं नव्हतं.

"मानवी हाताचा स्पर्शसुद्धा नाही," डायरेक्टर म्हणाले. टाळ्या झाल्या. हातात ताट असल्याने बाईंना वाजवता आल्या नाहीत.

सोमवारी मॅनेजरनी बघितलं. माझ्याकडून एक कागद लिहून घेतला: चाचणी समाधानकारक, वेगळ्या ऑपरेटरची गरज नाही. मी अजून कायम झालो नव्हतो. सही केली. त्या कागदावर बाईंची जागा रद्द झाली आणि त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आला. स्वेच्छा कोणाची, असा रकाना त्यात नव्हता. मोटारी एरवी व्यवस्थित चालत होत्या, तेव्हा शुक्रवारी वीज असती तरी हेच झालं असतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरंही आहे. उपयोग होत नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी हात जरा चुकवायचा होतात."

"मग तुझा प्रोग्रॅम वाईट दिसला असता," त्या डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या. "आणि तू आता सह्याबिह्या करणारा माणूस. तुझं वाईट कशाला?"

निरोपाला कंपनीने त्यांना उद्घाटनाचाच फोटो फ्रेम करून दिला. त्यात डायरेक्टर आहेत, मॅनेजर आहेत, मी आहे. बाई कडेला होत्या, त्या कापल्या गेल्या आहेत. मायक्रोस्कोप मधोमध आहे, आणि झेंडूच्या माळेतून उजव्या हाताची दोन बोटं बाहेर आली आहेत.