ओच्यातले तीन किलो वाल

गेल्या वर्षी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. नर्सबाईंनी माझी उंची घेतली, काट्यावर उभं केलं आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "तीन किलो कमी पडतात." हातात पिवळी चिठ्ठी दिली. माझ्या मागे माझी मोठी जाऊ होती. तिला लाल चिठ्ठी मिळाली, म्हणजे वजन जास्त. आमची चूल एक, भाताचा टोप एक. रांगेतली एक म्हातारी जावेला म्हणाली, "काय गो, हिच्या ताटातलं पण तूच जेवतेस काय?" बायका हसल्या. जाऊही हसली, पण घरी आल्यावर चार दिवस माझ्या ताटात भाताचा डोंगर वाढत राहिली आणि माझ्याशी बोलली नाही.

चिठ्ठीचा रंग ज्या आकड्यावरून ठरतो त्याला बीएमआय म्हणतात. वजनाला उंचीने भागायचं आणि जे येईल त्याला पुन्हा उंचीनेच भागायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, भागाकार येतो, पण उंची दोनदा कशाला ते कळलं नाही. शेताला लांबी-रुंदी असते, तिथे दोन मापं लागतात. माणसाची रुंदी कोणी मोजत नाही. विचारायचं फार मनात होतं. पण मला दुकानात साखर मागतानासुद्धा घाम फुटतो.

यंदा पुन्हा शिबिराचा निरोप आला आणि मी ठरवलं, पिवळी चिठ्ठी घ्यायची नाही. जावेचं नाव पुन्हा खराब व्हायला नको, असं मी मनाला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. दिवाळीपासून विहिरीवरून हंडा घेऊन येताना डोळ्यांपुढे अंधार यायचा. वाटेत दोनदा बसावं लागायचं. हे कोणाला बोलले नव्हते. यंदा पिवळी मिळाली की रक्तही तपासणार, असं निरोपातच होतं, आणि रक्त तपासलं की काहीतरी निघणार. हिरवी, म्हणजे वजन बरोबर, ती मिळाली तर मी धडधाकट, असं मीच ठरवून टाकलं.

तीन किलो कमी, तर तीन किलो घेऊन जायचे. बियाण्याच्या डब्यातले वाल घरच्या तराजूवर मोजले, लुगड्याच्या ओच्यात बांधले आणि वरून पदर घेतला. त्रेचाळीसाव्या वर्षी आठव्या महिन्यातल्या बाईसारखी डुलत शाळेपर्यंत गेले.

रांगेत जाऊ कानाशी म्हणाली, "काय गो, सकाळी तू एवढी नव्हतीस."

"गॅस झालाय."

"वाजतोय पण."

मी हलायची थांबले. नर्सबाईंच्या टेबलाशी गर्दी होती, त्यांनी मान वर न करता काटा वाचला. हिरवी चिठ्ठी. "छान, सुधारलीस," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की वाल माझंच मांस आहे असं वाटायला लागलं. लाल-पिवळ्यांना रक्त द्यायला शेजारच्या टेबलावर पाठवलं, हिरव्यांना घरी. मी जावेसाठी बाहेर चिंचेखाली थांबले आणि ती दंडावर कापूस दाबत आली तेव्हा तिला उपदेश केला, "भात कमी कर. सकाळी थोडं चालत जा."

त्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी तिने विहिरीच्या तीन खेपा केल्या होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्याच पंधरवड्यात आम्ही राबासाठी पाला आणायला डोंगरात गेलो. भाताचं बी पेरायची जमीन आधी पाला घालून भाजतात, त्याचे हे भारे. उतारावर माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी भाऱ्यासकट खाली बसले ते आडवीच झाले. जाग आली तेव्हा जाऊ तोंडावर पाणी मारत होती. भारे तिथेच टाकून तिने मला धरून सडकेपर्यंत आणलं, अर्ध्या वाटेवर तर चक्क पाठीवर घेतलं. तिला धाप लागलेली मला आठवत नाही.

दवाखान्यात त्याच नर्सबाई होत्या. "शिबिरात तर हिरवी होतीस," त्या म्हणाल्या. जाऊच बोलली, "हिरवी ती नव्हती बाई. वाल होते."

मग सगळं सांगावं लागलं. आयुष्यात परक्या माणसाशी इतकी वाक्यं मी एका दमात बोलले नव्हते. बाई रागावल्या नाहीत. रक्त तपासलं, ते असायला हवं त्याच्या निम्मं निघालं. जावेचं शिबिरातलं रक्त चांगलं, साखर नाही, बीपी नाही.

"तो आकडा वजन-उंचीचा," बाई म्हणाल्या. "रक्त त्याला दिसत नाही. हिने खरंच तीन किलो कमावले असते तरी आम्ही हिला अशीच घरी पाठवली असती. चूक आमचीपण आहे."

"मग मला लाल कशाला?" जाऊ म्हणाली.

"गुडघे दुखतात का?"

"दुखतात."

"मग थोडं ऐका त्या आकड्याचं."

लोहाच्या गोळ्या घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी जावेने बियाण्याचा डबा उतरवला आणि त्याच वालांतले मूठभर भिजत घातले. मोड आणून, सोलून, रोज थोडं थोडं बिरडं, आणि माझ्यासमोर बसून संपवून घ्यायचं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "पोट फुगलंय, आज नको."

"त्या दिवशी वालांनीच फुगलं होतं, तेव्हा चाललं," ती म्हणाली आणि अजून एक पळी वाढली.