रुख्मिणीआत्याची सही

आमच्या रुख्मिणीआत्याला खोटं बोलता येत नाही, असं सगळी वस्ती सांगते. ते खरंच आहे. उभ्या जन्मात ती एकदाच खोटं बोलली, आणि सरकारनं नेमकं तेवढंच लिहून घेतलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ताडकळसच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली. मी त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, त्यामुळे वीस वर्षं माझा दुपारचा चहा तिच्याकडेच. नवरा गेला, मुलगा-सूनही गेले. उरला नातू जीवन. तो आयटीआय करून पुण्याला कंत्राटी कामावर, म्हणजे सहा महिने कामाला आणि सहा महिने आत्याच्या ओट्यावर. दीड एकर रान, त्यात एक विहीर. रानाचं कौतुक तिनं कधी केलं नाही. विहिरीचा विषय निघाला की मात्र चहा थंड व्हायचा.

छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली, पण गावच्या आडाला ते कोणी कळवलं नव्हतं. वरून कोणीतरी पाणी ओतायचं आणि आमच्या बाया खाली घागर धरून उभ्या. त्याच चिडीनं आत्याच्या सासऱ्यांनी, किशनरावांनी, स्वतःच्या रानात विहीर खोदायला घेतली. खाली सगळा काळा पाषाण. आत्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली ती बाहत्तरच्या दुष्काळात. अंगाची हळद उतरायच्या आत डोक्यावर दगडाची पाटी आली. शेवटच्या सुरुंगानं पूर्वेच्या अंगाला झरा फुटला तेव्हा ती काठावरच उभी होती.

त्याच उन्हाळ्यात गावचा आड आटला आणि वरच्या आळीच्या बाया घागरी घेऊन आमच्या वस्तीत आल्या. आत्यानं दोर हातात घेतला आणि विचारलं, "दोर मीच वढणार. चालन का आमच्या हाताचं?" चाललं. घसा कोरडा पडला की सगळं चालतं. त्यानंतर पन्नास वर्षं तिनं कोणालाच पाण्याला नाही म्हटलं नाही, पण हा प्रश्न मात्र ती दर उन्हाळ्यात एकदा तरी कोणाला ना कोणाला विचारायचीच.

अशा गावात तीन वर्षांपूर्वी तेल शोधणारे आले. ग्रामसभेत एका साहेबानं समजावून सांगितलं. देशाला लागणारं बहुतेक तेल बाहेरून येतं, लय पैसा परदेशात जातो, म्हणून सरकारनं ठरवलंय की आता आपल्याच जमिनीखाली शोधायचं, मराठवाड्याच्या काळ्या दगडाखालीसुद्धा. देश स्वतःच्या पायावर उभा राहणार म्हणाले. टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्या दिवशी गावात नळाला अकराव्या दिवशी पाणी आलं होतं आणि निम्म्या बाया सभा सोडून पळाल्या होत्या.

मग रानोरान लाल फीत बांधलेल्या खुंट्या रोवल्या गेल्या. खुंटीपाशी खोल भोक पाडायचं, तळाशी सुरुंग ठेवून उडवायचा, आणि जमिनीत खोचलेल्या यंत्रांनी त्याचा आवाज ऐकायचा. त्यावरून खाली काय आहे ते कळतं. विहिरीजवळ भोक पाडायचं नाही, असा नियमही साहेबांनी वाचून दाखवला.

आत्याच्या बाजूची खुंटी पडली भागवतच्या हळदीच्या पिकात, धुऱ्यापलीकडे, म्हणजे मधल्या बांधाच्या पल्याड. भागवत गावातला मोठा शेतकरी. आणि मग गावभर आवई उठली की जिथं खुंटी तिथं तेल, आणि जिथं तेल तिथं घरटी एक नोकरी. कोणी उठवली देव जाणे. ताडकळसच्या बाजारात तर एकजण म्हणे खुंटीवाल्या घरात पोरगी द्यायला तयार होता.

एका दुपारी आत्यानं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "सुगत्या, तू शिकलेला हायस. रानात तेल निघालं तर ते कोणाचं असतं रे?"

मला माहीत होतं. जमिनीखालचं तेल सरकारचं असतं, रानाच्या मालकाचं नसतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मी मोबाइलवर शाळेची कसली तरी ऑनलाइन माहिती भरत होतो, ती पुन्हा पुन्हा अडकत होती. मान वर न करता म्हणालो, "आधी निघू तर दे, आत्या."

तिनं त्याचा अर्थ तिला हवा तसा लावला. दोष तिचा नाही.

सोमवारी सगळं गाव बाजाराला गेलं होतं. आत्यानं भागवतच्या हळदीतली खुंटी उपटली आणि धुऱ्याअलीकडं, आपल्या रानात रोवली. विहिरीपासून चाळीस पावलांवर. हे तिनं मला नंतर सांगितलं. भागवतनं ते पाहिलं होतं, हेही तिनंच सांगितलं. तो बोलला नाही. त्याची हळद वाचत होती, तो कशाला बोलेल?

दोन दिवसांनी भोक पाडणारी गाडी आली. बाहेरच्या राज्यातली पोरं, उन्हानं करपलेली. लाल फीत दिसेल तिथं गाडी लावायची एवढंच त्यांना ठाऊक. पण त्यातल्या एकानं वर पाहिलं आणि विहीर दिसली. "माताजी, ये कुआँ चालू है क्या?"

आत्या सांगते, तेवढा एक क्षण तिला सासरे दिसले. मग जीवन दिसला, ओट्यावर बसलेला.

"सूखा हाय बाबा," ती म्हणाली. "कबका सूखा."

पोरानं कागद पुढं केला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात आत्या सही शिकली होती आणि अंगठा दे म्हणणाऱ्याचा तिला राग यायचा. तिनं गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवून सावकाश, एकेक अक्षर जुळवून सही केली.

सुरुंग उडाला तेव्हा धप्प असा आवाज झाला, भोकातून चिखलाचं कारंजं उडालं आणि आत्या हसली म्हणतात. याच रानात सुरुंगानं पाणी दिलं होतं, आता तेल देईल, हा तिचा हिशोब. दुसऱ्या दिवशी पोहऱ्यात गढूळ पाणी आलं. आठवड्यानं पाणी खाली गेलं. पंधराव्या दिवशी पोहरा दगडावर आपटला. पूर्वेचा झरा बुजला होता. बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची. कबका सूखा म्हणाली होती, झाला सूखा.

मी रागारागानं अर्ज लिहायला बसलो. आत्यानं माझा हात धरला. "काय लिव्हायलास? मीच उपटली, मीच रोवली." तरी मी अर्ज दिला. तिचं नाव राखून, फक्त विहीर आटली एवढंच लिहिलं. पंचनाम्याला तलाठी आले, सर्वेक्षणवाल्यांचा माणूस आला. त्याच्या नकाशावर खुंटी भागवतच्या रानात होती, विहिरीपासून नियमाइतकी लांब. आत्याच्या रानातलं भोक तोवर बुजवून सपाट झालेलं. भागवतला विचारलं, तर तो म्हणाला, "खुटी माझ्याच रानात होती की. हळदीची भरपाई बी मिळाली मला." जी हळद वाचली तिची भरपाई!

मी तोंड उघडणार, तोच त्या माणसानं फायलीतून एक कागद काढून आत्यापुढं धरला. "जवळची विहीर कोरडी असल्याचं इथं नोंदवलंय. ही सही तुमचीच ना?"

खरं सांगावं तर सरकारी खुंटी हलवल्याचा गुन्हा, न सांगावं तर विहीर मेलेलीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. आत्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. एखादं पोर आपला पेपर बघतं तसा बघितला.

"माझीच हाय," ती म्हणाली.

त्यानंतर पेपरात बातमी आली की जिल्ह्यातलं सर्वेक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झालं. तेलाचं पुढं काय झालं ते सांगायला ते साहेब पुन्हा गावात दिसले नाहीत. देश कोणाच्या पायावर उभा आहे मला माहीत नाही. आमची वस्ती मात्र उन्हाळाभर भागवतच्या बोअरवर उभी असते. भागवतची बायको राजेश्री वाईट नाही, कोणाला परत पाठवत नाही. फक्त म्हणते, "पाइपला हात लावू नका, मीच धरते." आत्या खाली घागर धरते.

परवा मी तिची घागर घ्यायला गेलो. वाटेत ती थांबली आणि तीन वर्षांपूर्वीचाच प्रश्न तिनं पुन्हा विचारला. "ते तेल निघालं असतं तर कोणाचं असतं?"

या वेळी माझ्या हातात मोबाइल नव्हता. "सरकारचं, आत्या."

"माझं कायबी न्हाई?"

"नाही."

"अन् तुला हे तवा म्हाईत होतं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तिनं माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि कमरेवर ठेवली. तळहाताच्या फोडासारखं जपलेल्या भाच्याला तिनं आजवर सुगत्याशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"सरका बाजूला, सर," ती म्हणाली. "पाणी हिंदकळायलंय."