मोरीतली काळी बुरशी

चिंचवडला आम्ही भाड्याने राहायचो त्या खोलीबद्दल मालकीणबाई ‘आतच बाथरूम हाय’ असं मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. बाथरूम कसलं डोंबलाचं! चार फुटांची मोरी, खिडकीचा पत्ता नाही, आणि भिंतीवर हातभर काळी बुरशी. घासली की आठ दिवसांत पुन्हा हजर. चुना लावला, राख चोळली, रॉकेलसुद्धा फासलं. ती ढिम्म.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. थंडी पडली की तिची छाती वाजायची. “ही ओल न् बुरशी पोरीला बाधतेय, आधी ती घालवा,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. ती खोकली की भिंतीकडे बघून शिव्या घालायची.

आमचे हे कंपनीत प्लेटिंग खात्यात होते, लोखंडी सामान ॲसिडात धुऊन त्याला मुलामा द्यायच्या कामावर. चाळीत एक रीतच पडली होती, घरात काही अडलं की बायका दुकानात जायच्या नाहीत, नवऱ्याला सांगायच्या. मग डब्याच्या पिशवीतून खिळे यायचे, ग्रीस यायचं. त्याला चोरी कुणी म्हणायचं नाही. ‘कंपनीचं आहे’ म्हणायचे, आणि कंपनीचं म्हणजे भारीच असणार! मीही यांच्या मागे लागले. शेवटी एकदा औषधाच्या बाटलीतून यांनी ॲसिड आणलं. “जपून वापर. आणि कुणाजवळ बोलू नकोस, कळलं तर नोकरी जाईल,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी पदर खोचला. गटारात टाकायची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीला थापली. दोन औषधं एकदम पडली तर बुरशी मुळासकट जाईल, अशी माझी अक्कल. वरून ॲसिड ओतलं.

फस्सकन फेस आला आणि पिवळट-हिरवट धूर उठला. डोळ्यांत, घशात कुणी मिरची कोंबावी तसं झालं. मागे वळले तर पोरगी मोरीच्या कट्ट्याला धरून उभी. तोंड उघडं, पण आवाजच नाही. तिला उचललं आणि बाहेर पळत सुटले.

मालकीणबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. मोरीतला उग्र वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि तशाच अनवाणी माझ्याबरोबर निघाल्या. जवळ कामगारांचा दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांचं कंपनीत रोजचं जाणं-येणं.

“छातीत काय गेलं हिच्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“फोडणीचा धूर,” मी म्हणाले.

हो, मीच म्हणाले तसं. यांची नोकरी गेली तर खायचं काय, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टर पोरीच्या पाठीला नळी लावून ऐकत होते, तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडले होते, आणि मी गप्प.

“अगं बये, खोटं कशापायी बोलतीस?” मालकीणबाई ओरडल्या. “मोरीत काय वतलंस ते सांग की! प्वार हातची जाईल!”

तेव्हा कुठे माझी वाचा फुटली. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. “ॲसिड कुठून आणलं, हे मी विचारलंच नव्हतं,” एवढंच ते म्हणाले. दुपारी पोरगी मोठ्यांदा रडली. तो आवाज ऐकून मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले.

शिफ्ट सुटताना शेजाऱ्यांनी यांना गेटवरच गाठून सांगितलं होतं. हे धापा टाकत आले. दारातूनच त्यांनी मला विचारलं, “डॉक्टरांना काय सांगितलंस?”

पोरगी कशी आहे, हे नंतर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी त्यांना उभं सोललं असतं. पण कुठल्या तोंडाने बोलणार? त्यांच्याआधी मी तेच केलं होतं, आणि तेही पोरगी मांडीवर गुदमरत असताना.