धुऱ्यापलीकडची बहीण

शेतात प्लॉट पाडलेले लेआउट विकणाऱ्या त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास चंद्रपूर चहूकडे पसरायला लागलं होतं. वीज केंद्राच्या चिमण्या वर चढत होत्या आणि गावाबाहेरच्या धानाच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडत होत्या. मी कुरखेड्याच्या बाजारात हिरडा-बेहडा विकत वर आलेला माणूस. मला कोणी फसवू शकतो, हे मला मान्यच नव्हतं.

मी एकदम दोन प्लॉट घेतले, पाठीला पाठ लावून. एक माझा, एक बाईचा. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. भाऊजी वारल्यावर ती गावी एकटी राहत होती आणि शहरात यायला तयार नव्हती. आपली घरं लागून असतील, असं सांगून मी तिला आणलं.

दोन प्लॉट दोन वेगळ्या मालकांच्या लेआउटांत होते, विकणारा दोघांचा दलाल. मधे फक्त एक धुरा, म्हणजे दोन शेतांमधला उंच बांध. नकाशात दोन्हीकडचे रस्ते धुऱ्याशी येऊन थांबत होते आणि टोकाला बाण काढलेला होता. मी बाणावर बोट ठेवलं तर विकणारा म्हणाला, "भाऊ, बाण म्हणजे रस्ता समोर जाईन." भाव पाडण्यात मी इतका गुंतलो होतो की, रस्ता समोर नेणार कोण, हे विचारलंच नाही. टोकाचा प्लॉट म्हणून आणखी सूट मिळवली आणि खुशीत घरी आलो.

घरं झाली. रस्ता जिथल्या तिथे राहिला. धुऱ्यावर मोहाची तीन जुनी झाडं होती आणि दोन्ही अंगांनी काट्यांचं कुंपण. ज्यानं जे शेत घेतलं त्यानं तेवढ्यापुरते रस्ते आखले, आणि प्रत्येक लेआउटला बाहेर पडायला एकच तोंड ठेवलं. बाईकडे जायचं तर आधी मूल गावाला जाणाऱ्या मोठ्या रोडपर्यंत यायचं, नाला ओलांडायचा, मग तिच्या लेआउटमधे शिरून तेवढंच परत आत चालायचं. तिथे शेतं होती तेव्हा धान कापल्यावर बैलबंड्या कुठूनही कुठे जात. शहर झालं आणि वाटा मोडल्या.

बाईचे गुडघे दुखायचे. पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात रिक्षावाला यायचा नाही. एकदा मी आठ दिवसांनी तिच्याकडे गेलो. ती रागावली नाही.

"तुह्या घरच्या फोडणीचा वास येते मले," ती म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या बी आयकू येतेत. फक्त तू दिसत नाईस." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले गावी नेऊन दे."

त्याच संध्याकाळी मी धुऱ्याच्या मालकिणीकडे गेलो. ती एक गोंड म्हातारी, धुऱ्याच्या टोकाला झोपडीत राहायची. बापानं शेतं पोरांना दिली होती आणि ही तीन झाडं, खालच्या धुऱ्यासकट, पोरीला. भावांनी शेतं विकली, हिनं धुरा ठेवला. ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसली होती. मी दहा फुटांची पट्टी विकत मागितली.

"नाई इकत," ती म्हणाली.

मी भाव वाढवला. तिनं दुसरं पान उचललं. मग मी माझा जुना डाव टाकला. उठायचं आणि चालायला लागायचं. विकणारा मागून हाक मारतोच. मी गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू गेलो, वाकून चप्पलसुद्धा नीट केली. हाक आली नाही.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला.

"मावशी, नकाशात इथून रस्ता हाये!"

"नकाशात माही झाडं हायेत का?"

नव्हती.

"तीन झाडायपायी किती लोकायले फेरा पडून राह्यला, समजते का तुम्हाले?"

"लोकायचं सोड. तुले काहाले पायजे रस्ता?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "तिकडे माही बहीण राह्यते," मी म्हणालो. "तिचे गुडघे दुखतेत. गावी नेऊन दे म्हणते."

तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "मंग असं सांग ना, बाबू! तीन खेपा इकतच मागून राह्यला. वाट मागतली असती तर नाई कोण म्हणते?"

धुरा विकायचा नाही, पण त्यावरून जाणाऱ्याला अडवायचंही नाही, अशी त्यांच्याकडची रीत. माझं सगळं आयुष्य बाजारात गेलेलं. एखादी गोष्ट नुसती मागता येते, हे मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विळ्यानं काटे बाजूला केले. मी माझी मागची भिंत फोडली आणि कुदळीनं धुऱ्यात पायऱ्या खोदल्या, बाईच्या गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या. मावशीची अट एकच. मोह गळायच्या दिवसांत सकाळी ती फुलं वेचून होईपर्यंत धुऱ्यावर कोणी पाय ठेवायचा नाही.

बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी वर उभा राहून तिला हात दिला. माझ्या घरात शिरून ती सरळ चुलीपाशी गेली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून उभा राहिलो.

नकाशातला रस्ता कधीच झाला नाही. तो विकणारा भेटला की मी आजही नमस्कार घेत नाही. पण गावी जायचं बाईनं पुन्हा काढलं नाही.

पुढच्या चैत्रात मोह गळायला लागला. एका सकाळी मी दोन कप चहा घेऊन मागच्या दारात आलो, तर झाडाखाली दोघी. मावशी वाकून वेचत होती आणि बाई पाय लांब करून बसल्या जागी टोपली भरत होती.

"मावशी, मी येऊ का?"

"थांब, बाबू. ह्या बाजूचा राह्यला अजून."

"अन् बाई कशी बसली मंग?"

"थे वेचून राह्यली ना. तू काय करून राह्यला?"

बाई मान खाली घालून हसत होती. मी कप धरून दारातच उभा राहिलो.