नानांचं वजन

"सर, कुठला देश फ्रेंडली आहे तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

हेमंतने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आम्ही जळगावला त्याच्या डाळ मिलच्या ऑफिसात बसलो होतो. मागे मशीन चालू होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. स्क्रीनवर डोंगर, समुद्र आणि त्यावरून उडणारं पांढरं छोटं विमान.

"फ्रेंडली म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे जास्त कटकट नको. गेलो, विमान घेतलं, उडालो."

"मग रिक्षा कर."

तो हसला. माझं बोलणं त्याला नवीन नाही. मी धुळ्याला एका फ्लाइंग स्कूलमध्ये ऑपरेशन्सला होतो. ऑपरेशन्स म्हणजे विमान उडण्याआधीचे सगळे कागद. विमान आम्ही उडवत नाही, पण आमची सही नसेल तर ते हलत नाही. हेमंत तिथेच शिकला, तेही चव्वेचाळिसाव्या वर्षी. दिवाळीआधीची मिलची गडबड टाकून तो पहाटे पहाटे जळगावहून धुळ्याला यायचा. त्याला पीपीएल मिळालं. हे हौशी पायलटचं लायसन. स्वतःसाठी उडा, घरच्यांना बसवा, पण त्यावर नोकरी किंवा धंदा करता येत नाही.

आता घरच्यांना बसवायचं तर विमान पाहिजे. आपल्याकडे इथेच गाडी अडते. स्कूलची विमानं शिकणाऱ्यांसाठी असतात, त्यात घरची माणसं बसवू देत नाहीत. म्हणून हौशी लोक सुट्टी काढून परदेशात जातात. तिथले क्लब विमान भाड्याने देतात. तिथल्या नियमांची एक परीक्षा द्यायची, त्यांच्या इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून उडवून दाखवायचं, मग आठवडाभर आपल्या माणसांना घेऊन फिरायचं.

हेमंतची आपली माणसं म्हणजे बायको स्वाती आणि वडील, नाना. नाना एकोणऐंशीचे. भडगावला गिरणेकाठी शेती, केळी आणि कपाशी. मुलाने लायसन घेतलं तेव्हा ते फोटो पाहून अहिराणीत म्हणाले होते, "माले एकदाव बसाडशी का रे तुन्हा इमानमा?" हेमंत हो म्हणाला. त्याला आता आठ वर्षं झाली. मधे कोरोना, मग मिलचं नवीन शेड, मग नानांचा मोतीबिंदू. या वर्षी मात्र त्याने ठरवलंच होतं. "नंतर नाना राहतील न राहतील," असं तो मशीनच्या आवाजात बोलला आणि मी ते दुसऱ्यांदा बोलायला लावलं नाही.

मी त्याला माझी पद्धत सांगितली. देशाचे फोटो बघायचे नाहीत. तीन देशांतल्या तीन क्लबना एकच पत्र लिहायचं आणि पत्रात खरं लिहायचं. पायलटचे तास कमी आहेत, बरीच वर्षं उडवलेलं नाही, सोबत एकोणऐंशीचे वडील आहेत. मग उत्तरं बघायची.

"एवढं खरं लिहिलं तर कोण घेईल सर?"

"तेच बघायचंय."

पहिलं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. दोन ओळी. काही काळजी करू नका, या, विमान तयार आहे. दुसरंही तसंच, वर हसरे चेहरे. तिसरं उत्तर आठवड्याने आलं, दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहान क्लबचं. तिथली चीफ इन्स्ट्रक्टर ॲन नावाची बाई. तिने चार पानांचा फॉर्म पाठवला होता. शेवटचं लँडिंग कधी केलं, किती उंचीच्या धावपट्टीवर केलं, किती उन्हात केलं, वडिलांना कमी ऐकू येतं का, त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत. शेवटी लिहिलं होतं की पायलट तीन दिवस माझ्यासोबत उडेल. वडिलांना कधी बसवायचं ते मी चौथ्या दिवशी सांगेन.

हेमंतचा चेहरा पडला. "ही बाई हेडमास्तरीण आहे. पहिलेवाले किती चांगले. पाहुण्याला कुणी असं विचारतं का?"

आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत हे खरं. दारात आलेल्याला आपण आधी बसा म्हणतो, काम काय ते मागून विचारतो. त्यामुळे जो लगेच हो म्हणतो तो आपल्याला प्रेमळ वाटतो. मी त्याला म्हटलं, "तुला जेवायला जायचं असेल तर पहिल्याकडे जा. बापाला विमानात बसवायचं असेल तर हिच्याकडे."

त्याने फॉर्म पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाला, "भरा फॉर्म."

तिसऱ्या पानावर वजनांचा रकाना होता. प्रत्येकाचं वजन, याच आठवड्यात केलेलं, उडताना जे कपडे घालणार ते घालून. खाली ठळक अक्षरात, अंदाज नको.

हे माझं खातं. चार सीटचं विमान म्हणजे चार माणसं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. टाकी पूर्ण भरली की तीन माणसं आणि एखादी बॅग, संपलं. धावपट्टी उंचावर असेल आणि ऊन असेल तर त्याहून कमी. म्हणून प्रत्येक फ्लाइटआधी लोडशीट करतात. माणसं, सामान, पेट्रोल, सगळं किलोत लिहायचं आणि बेरीज मर्यादेत आहे का बघायचं. मी आयुष्यभर तेच केलं. आणि आयुष्यभर लोक माझ्याशी वजनाबद्दल खोटं बोलले. शिकणारी पोरं पाच किलो कमी सांगायची. एक इन्स्ट्रक्टर तर लग्नात होतं ते वजन निवृत्तीपर्यंत सांगत राहिला. शेवटी माझी नजर अशी तयार झाली की माणूस दारातून आत येईपर्यंत मी त्याचं वजन सांगायचो. दोन किलोच्या वर चूक नाही. धुळ्याला माझ्यावर पैजा लागायच्या आणि मी चहा जिंकायचो. याचा मला गर्व होता, लपवत नाही.

हेमंतने लिहिलं होतं, मी अठ्ठ्याहत्तर, स्वाती त्रेसष्ट, नाना साठ.

"नानांचं साठ कुठून आणलं?"

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनला केलं होतं. दीड वर्ष झालं."

मी नानांना डोळ्यासमोर आणलं. महिन्याभरापूर्वीच भेटलो होतो. धोतर, जाड सदरा, वर कोट, टोपी. माझ्या नजरेनेही साठच सांगितले. कमीत कमी अठ्ठावन्न. हेमंतच्या अठ्ठ्याहत्तरवर मात्र माझा काडीचा विश्वास नव्हता. त्याला पकडायचं म्हणून मी बोललो, "बाईने लिहिलंय ना अंदाज नको? मग काट्यावर चला. तुझ्या घरचाच काटा आहे."

रविवारी सगळे मिलमध्ये जमले. तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायचा मोठा काटा. नाना भडगावहून आले होते, कोट घालूनच. काट्याकडे बघून त्यांनी आधी कपाळाला आठी घातली. जन्मभर व्यापाऱ्याच्या काट्यावर केळी आणि कापूस घातलेला माणूस.

"पहिले काटा तपासी ल्या," ते म्हणाले.

"नाना, आपलाच काटा आहे," हेमंत म्हणाला.

"म्हनीसनच सांगस."

मग डाळीचा पन्नास किलोचा सीलबंद कट्टा काट्यावर ठेवला. नानांनी चष्मा पुसून आकडा वाचला. पन्नास आणि वर पोत्याचं थोडं. कट्टा काढून पुन्हा ठेवायला लावला. तोच आकडा. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

हेमंत चढला. चौऱ्याऐंशी. मी फॉर्मवरचा अठ्ठ्याहत्तर खोडला. "बूट जड आहेत सर," तो म्हणाला. स्वाती चढली. बरोबर त्रेसष्ट. त्या घरात एकटी खरं बोलणारी.

मग नाना चढले. कोट, टोपी, चप्पल, सगळ्यासकट. शेहेचाळीस किलो चारशे.

मला हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो लोडशीटचा. चौदा किलो मोकळे झाले, एक बॅग वाढवता येईल. तीस वर्षांची सवय. दुसऱ्या क्षणाला कळलं, हे चौदा किलो नानांचे गेलेत.

"काटा बिघडला," हेमंत म्हणाला.

"काटा खोटा नही," नाना म्हणाले. "मीच तपासेल शे."

मग स्वातीने विचारलं, "नाना, जेवण जातं ना?"

"माले काय व्हयनं? भूक तं दुप्पट लागस."

तिने हेमंतकडे पाहिलं. भडगावहून घरच्यांचे रोजचे फोन यायचे त्यात हेच असायचं की नाना आता दोन भाकरी जास्त खातात. सगळे खूश होते, म्हातारपणी तब्येत सुधारली म्हणून. हात थरथरतात ते वयामुळे. रात्रीची झोप लागत नाही ती पाण्याची मोटार चालू करायला उठावं लागतं म्हणून, कारण शेतीची लाइट रात्रीच येते. प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होतं. पँट असती तर पट्ट्याने तरी सांगितलं असतं. धोतराला भोकं नसतात.

आणि मी? माझी ती प्रसिद्ध नजर? मी माणूस बघितलाच नव्हता. कोट बघितला होता.

सोमवारी हेमंत त्यांना जळगावातच डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली. थायरॉइड. ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. अंगातलं सगळं जाळत होती आणि हृदय वेडंवाकडं पळवत होती. नाना मोजून सांगणारे असल्यामुळे छातीत धडधड होते हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. "आठ दिवसांनी कमी नाही झालं तर सांगू असं ठरवलं होतं," असं ते डॉक्टरांना म्हणाले. ते आठ दिवस वर्षभर चालले होते.

डॉक्टरांनी हेमंतला बाजूला घेतलं. एवढा लांबचा प्रवास अशा अवस्थेत केला असता तर वाटेतच हृदयाने दगा दिला असता, असं स्पष्ट सांगितलं. हेमंत बाहेर येऊन बाकावर बसला. मला फोन केला आणि म्हणाला, "सर, मी त्यांना साठ लिहिलं होतं."

"मीही तेच लिहिलं असतं," मी म्हणालो. खोटं सांत्वन नव्हतं ते.

मी तिन्ही क्लबना कळवलं की सध्या येत नाही. पहिल्या दोघांनी पुढची तारीख विचारली. ॲनला मी कारणही लिहिलं, तुमच्या रकान्यामुळे कळलं असं लिहिलं. तिचं उत्तर छोटं होतं. विमान इथेच आहे. त्यांचं वजन वाढलं की कळवा, पण काट्यावर करूनच कळवा.

गोळ्या सुरू झाल्या. नानांनी एक वही केली आणि दर रविवारी गावातल्या कापसाच्या काट्यावर जाऊन वजन लिहू लागले. आधी काटा तपासून अर्थातच. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. दोन महिने काही नाही. मग पन्नास. वहीचा फोटो हेमंत मला पाठवायचा. चोपन्न झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हा आम्ही चार पानांचा फॉर्म नव्याने भरला. हेमंतने स्वतःचं एक्याऐंशी लिहिलं. तीन किलो उतरवले होते.

बाईने खरंच तीन दिवस त्याला शेजारी बसवून पिदवलं. तिसऱ्या दिवशी त्याचं लँडिंग तिला आवडलं नाही म्हणून चौथाही दिवस घेतला. पाचव्या दिवशी सकाळी तिने नानांना बोलावलं. हँगरच्या दाराशी काटा होता. क्लबचा नियम, पाहुणा असो की मालक, आधी त्यावर. नाना काट्यासमोर थांबले आणि हेमंतला म्हणाले, "पहिले तपासी ले." हेमंतला लाजल्यासारखं झालं, पण त्याने बाईला सांगितलं. तिला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. आत जाऊन तिने वजन लिहिलेला ऑइलचा सीलबंद खोका आणला आणि काट्यावर ठेवला. आकडा जुळला. मगच नाना चढले.

ते मुलाच्या शेजारी बसले, मागे स्वाती. पाऊण तास उडाले. तिथे हिवाळा होता, गवत वाळलेलं. वर गेल्यावर बराच वेळ नाना खाली बघत राहिले. हेमंतला वाटलं घाबरले. मग हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, "खाले बठ्ठं पिवळंच शे. ठिबक नही का आठे?"

हे सांगताना हेमंत हसत होता आणि डोळे पुसत होता. मीही.

कुठला देश फ्रेंडली, हे मला आजही माहीत नाही. कुणी विचारायला आलं तर मी त्याला तीन पत्रं लिहायला लावतो आणि जो तुमच्या बापाचं वजन विचारेल त्याच्याकडे जा म्हणतो. नजरेने वजन सांगणं मी बंद केलं. भडगावला गेलो की नाना वही पुढे करतात. मी आकडा वाचतो, आणि मग त्यांना कोट काढायला लावून एकदा नीट बघतो.