दालीचे रविवार

भारतातून मॉरिशसला आलेल्या एका पाहुण्याला आमच्या पितों गावात कोणीतरी म्हणालं, "रविवारी आमची दाल हाय, या." पाहुणे इस्त्रीचे कपडे घालून जेवायला हजर झाले आणि त्यांच्या हातात काँक्रीटची बादली आली. आमच्या क्रिओल बोलीत घराच्या स्लॅबलाही दालच म्हणतात. जेवण असतंच, पण ते छत ओतून झाल्यावर.

पंचाहत्तर सालच्या चक्रीवादळात गावातले पत्रे उडून उसात जाऊन पडले. तेव्हापासून ज्याला त्याला सिमेंटचं घर हवं झालं. भिंती हळूहळू बांधता येतात, पण दाल एका दिवसात घालावी लागते. त्यासाठी मजूर सांगायची पद्धत आमच्याकडे नव्हती. सगेसोयरे, शेजारीपाजारी रविवारी जमायचे. आज तुझ्या घरी, पुढे माझ्या घरी. बायका मोठ्या हंड्यांत जेवण रांधायच्या, पुरुष साखळी करून बादल्या चढवायचे आणि वर देवराज थापी घेऊन बसलेला असायचा.

देवराज माझा शेजारी, व्यवसायाने गवंडी. अंगाने किडकिडीत, बोलायला सावकाश. माणसाशी बोलताना त्याची नजर माणसाच्या मागच्या भिंतीवर असायची, ती ओळंब्यात आहे की नाही ते बघत. घरातला थोरला म्हणून लहान वयातच तो कामाला लागला. त्याच्या स्वतःच्या दालीला अर्धं गाव आलं होतं. वरून हाक मारून तो एकेकाची थट्टा करत होता. मला म्हणाला, "गुरुजी, बादली भरलेली द्या, फळ्यावर धडा नाय लिहायचा." त्या दिवशी मी त्याला जितका खूश पाहिला, तितका पुन्हा कधी पाहिला नाही.

ऐंशीच्या सुमारास त्याच्या हातांना भेगा पडू लागल्या. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग पुरळ, मग कातडी फाटून पाणी. खोबरेल झालं, हळद झाली. रबरी मोजे घातले तर आत घाम साचायचा, मनगटाकडून सिमेंटचं पाणी शिरायचं आणि हात अधिकच सोलून निघायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले. "सिमेंट तुझ्या अंगात भिनलंय. आता चिमूटभर लागलं तरी हे असंच होणार. काम सोड, नाहीतर हात जातील."

त्याने काम सोडलं. कुंतीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, साखर कारखान्यात ओळख काढून त्याला फाटकावर राखणदार म्हणून लावलं. दिवसभर साखळी सोडायची, ट्रक आत घ्यायचा, साखळी लावायची. काही महिन्यांत हातांवर नवी कातडी आली. वहिनी मला ते हात दाखवायच्या, लेकराला पहिला दात आलेला दाखवावा तसे.

पण रविवार होतेच. देवराजच्या दालीला आलेल्या माणसांची घरं आता उभी राहत होती आणि त्यांच्या दालीला जाणं त्याला भाग होतं. कोणी जबरदस्ती करत नसे. "नुसता उभा राहा, तू असलास की धीर वाटतो," एवढंच म्हणत. तो उभा राही, मग ओणवा होई, मग कोणाची तरी थापी घेई. सोमवारी हात पुन्हा फाटलेले.

"तुमचे हात काय देवळाची घंटा हायेत, येईल त्याने वाजवायला?" वहिनी म्हणायच्या.

"ते आपल्या घरी आले नव्हते?" देवराज म्हणायचा. यापुढे त्यांचं भांडण सरकत नसे. बोलवायला आलेल्याला वहिनी दारातूनच परतवायच्या, पण रविवार उजाडला की देवराज आपणहून जायचा.

वहिनींच्या सांगण्यावरून बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, मराठीचा वर्ग संपल्यावर मी मंडळींपुढे देवराजच्या हातांचा विषय काढला. हॉटेलाच्या बांधकामावर मजुरांची काळजी बघायला निदान इन्स्पेक्टर येतो, आपल्या रविवारांना कोण येणार, असंही विचारलं. सगळ्यांना पटलं. सगळ्यांनाच वाईट वाटलं. मग मागून कोणीतरी नरमाईने म्हणालं, "खरं हाय, गुरुजी. फक्त माझी दाल होऊन जाऊ दे."

मग वत्सलाची दाल आली. वत्सला देवराजची धाकटी बहीण, प्लेन दे पपाय गावात दिलेली. तिने दादासाठी आंब्याखाली खुर्ची मांडली होती आणि हात गुंडाळायला जुनी साडी फाडून ठेवली होती. "दादा, तू आज कोंत्राकतेर. नुसता ओरड."

तो खरोखर बसून राहिला. दुपारी मिक्सर बंद पडला. निम्मी दाल ओतून झाली होती. फावड्यांनी काँक्रीट कालवायला सुरुवात झाली, पण वरचा तरुण गवंडी गोंधळला आणि उन्हात ओतलेली कड आवळू लागली. तिथे सांधा पडला की घर जन्मभर गळतं. वत्सला नुसती वर बघत होती. देवराज उठला आणि शिडीकडे चालू लागला.

"वन्सं, त्यांना अडवा," वहिनी म्हणाल्या.

वत्सला म्हणाली, "वहिनी, मी कशी अडवू?"

त्याने आधी चिंध्या बांधूनच काम केलं. त्या भिजून जड झाल्यावर काढून टाकल्या. दाल पुरी झाली, एकसंध झाली.

या वेळी हात सुजून लाल झाले, पू धरला, ताप आला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी भरपाईच्या अर्जासाठी विचारलं, "काम कोणाकडे करत होतास? मालक कोण?"

"मालक नाय," देवराज म्हणाला. "बहीण हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

जखमा भरल्या, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. फाटकाची साखळी त्याला सोडता येईना. कारखान्याने काही दिवस वाट पाहून दुसरा माणूस लावला. वहिनी उसात मजुरीला जाऊ लागल्या. वत्सला आठवड्यातून दोनदा बसने डबा घेऊन यायची आणि दादाशी न बोलताच परत जायची.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. सत्यनारायण आला. तो उंबऱ्यातच घुटमळत राहिला. त्याने देवराजच्या हातांकडे पाहिलं नाही.

"भाऊजी, येत्या रविवारी माझी दाल हाय. तुम्हाला काय करायचं नाय. पण तुम्हाला न सांगता कशी घालू?"

मी कुंतीवहिनींकडे पाहिलं. इतकी वर्षं दारात उभं राहून माणसं परतवणारी बाई ती. सत्यनारायण तिचा सख्खा भाऊ.

वहिनींनी त्याच्यापुढे चहा ठेवला, पदराने हात पुसले.

"किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.